सरळ पाहणारा नंदी

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला रामाजी सुताराचा नंदी, मान सरळ आणि नजर समोर ठेवून, तोरणापासून मोहगावच्या अख्ख्या रस्त्यानं चालत टोकापर्यंत गेला. साऱ्या गावानं पाहिला.

असं काहीही झालेलं नाही. हस्तकला समितीच्या अहवालात तसा उल्लेख नाही. तोरणाजवळ उभ्या असलेल्या माणसांना विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही त्या वेळी चहा प्यायला गेलो होतो. फोटोत जिथं नंदी दिसायला पाहिजे, तिथं समितीच्या सचिवाची, गजेंद्रची, पाठ आहे. तेव्हा जे झालंच नाही त्यावर बोलण्यात हशील नाही. त्याच्या आधी काय झालं, तेवढं सांगता येईल.

तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकडं जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ही गावं गोटमारीत एकमेकांना दगड मारत असतात, आणि इकडं सौसरच्या बाजूला, मोहगावात, लेकरं लाकडी बैलांना झूल घालून, दोरीनं ओढत, दारोदार फिरतात. दारात उभं असलेलं माणूस लेकराच्या हातावर नाणं नाहीतर खाऊ ठेवतं. त्याला बोजारा म्हणतात. एकाच दिवसाचे हे दोन उपयोग फार जुने आहेत आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याला येडं समजतात.

मोहगावातले लाकडी नंदी रामाजीचे. कपाटावर, टीव्हीशेजारी, देवघराच्या बाजूला, कुठल्याही घरात पाहा, चार चाकांवर उभा असलेला सागवानी बैल सापडेल आणि त्याची मान डावीकडे वळलेली असेल. पुंडलिकरावांच्या घरचा नंदी टीव्हीकडे पाहतो. त्यांची समजूत होती की तो त्यांच्यासाठी खास तसा बनवून घेतला आहे. तशी समजूत बऱ्याच घरांत होती.

मग गावात योजना आली. योजना होती समुद्रकिनारच्या छोट्या गावांतल्या हस्तकलांसाठी. मोहगावापासून समुद्र कुठल्याही बाजूनं निघालं तरी लवकर लागत नाही. पण गजेंद्रला अशा गोष्टींनी फरक पडत नसे. तो हस्तकला समितीचा सचिव होता आणि ती समितीही त्यानंच काढली होती. वरच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, तुमच्याकडं किनारा आहे का? गजेंद्र म्हणाला, "साहेब, कोकनाले एकच किनारा हाय. आमच्याकडं कन्हान हाय, जाम हाय. एकेका नदीले दोन-दोन. चार झाले." हिशेबात चूक काढता येईना म्हणून योजना मंजूर झाली.

पाहणीला सुचिता मॅडम आल्या. मूळच्या जवळच्याच लोधीखेड्याच्या, पण शिकून-सवरून मोठ्या शहरात गेलेल्या. बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी घरोघरचे नंदी पाहिले, मापं घेतली, आणि लिहिलं की मोहगावचा बैल मान वळवून नांगरलेल्या जमिनीकडे कृतज्ञतेनं पाहतो, अशी मान दुसरीकडे कुठंही आढळत नाही. तिला 'मोहगावी मान' हे नाव पडलं. रामाजीच्या दारावर 'जिवंत वारसा' अशी पाटी लागली. रामाजीनं पाटी वाचून घेतली आणि 'जिवंत' या शब्दावर समाधान व्यक्त केलं.

इथपर्यंत सारं ठीक होतं. मग उन्हाळ्यात डोळ्यांचं शिबिर आलं.

विशीत असताना बाभळीचा ढलपा उडून रामाजीच्या डाव्या डोळ्याला लागला होता. तेव्हापासून त्या डोळ्यासमोर धुकं. काम करताना तो मान डावीकडे फिरवून उजव्या डोळ्यानं पाही, आणि ती सवय इतकी जुनी झाली की ती सवय आहे हेच तो विसरला. तशा मानेनं जे सरळ दिसे, तेच तो सरळ समजे. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, मार लागून झालेला मोतीबिंदू आहे, काढून टाकू. काढून टाकला.

काळा चष्मा लावून रामाजी घरी आला. पडवीत विकायचे नंदी रांगेनं मांडलेले होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"शकू, हे काय व?"

"नंदी होय. दुसरं काय असन?" शकुबाई चुलीपाशी होती.

"हे तिकडं कायले पाहून राहिले?"

"कुठं?"

"तिकडं. न्हानीकडं."

"आपलं लगन झाल्यापासून तिकडंच पाहून राहिले ते. मले वाटलं, तुमाले तसंच पाह्यजे."

"सारेच?"

"सारेच."

"मंग सांगितलं कायले नाही?"

"तुमी कोनाचं आयकता? भाजीत मीठ कमी हाय म्हटलं, तर म्हनता मीठ बराबर हाय, तुही जीभ चुकली."

रामाजी त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी तो गावात निघाला आणि ओळखीच्या घरी जाऊन, पाणी मागून, कपाटावर नजर टाकून परत आला. सगळीकडं तेच. आयुष्यभर केलेले सगळे बैल एका बाजूला पाहत होते, आणि ज्यानं केले तो एकटा सोडून हे सगळ्यांना माहीत होतं.

आता रामाजी काही गरीब स्वभावाचा माणूस नव्हता. आपल्यासारखा कारागीर नागपूरपर्यंत नाही, हे तो स्वतःच सांगे, आणि नागपूरला तो फार कमी वेळा गेला होता. त्यामुळं त्याला लाज वाटली नाही. राग आला. आणि रागाच्या खाली एक वेगळीच गोष्ट होती, ती त्यानं फक्त शकुबाईला सांगितली. लाकूड कोरायची पटाशी धरताना अंगठा थरथरायला लागला होता. मागच्या वर्षीपासून. वर्षा-दोन वर्षांत तो पटाशी धरेनासा होईल, हे त्याला कळत होतं.

"हात होता तवा डोया नव्हता," तो म्हणाला. "आता डोया आला अन् हात चालला. दोघं संगं हाये असे दिवस लय थोडे हाये, शकू. तेवढ्यात एक तरी सरळ झाला पाह्यजे."

शकुबाईनं त्याला चिडवायला तोंड उघडलं होतं. त्याऐवजी तिनं त्याच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकला.

दुसऱ्या दिवशी तो गजेंद्रकडं गेला.

"गजू, मान चुकली रे बाप्पा."

"चुकली नाही काका. वळली."

"मले दिसतच नव्हतं."

"हे बोलले ते बोलले, दुसऱ्या कोनाले बोलू नका. माहितीपत्रक छापून झालं. त्याच्यात कृतज्ञता हाय."

"छापू दे. मी यंदा एक सरळ मानीचा करतो."

"करा ना. कोन अडवते? फक्त तो मोहगावी राहनार नाही."

"मी मोहगावचा नाही का?"

"तुमी आहा. नंदी नसन."

रामाजी तिथून समितीच्या शेडमध्ये गेला, तिथं योजनेतून पोरांना नंदी करायला शिकवत. शिकवायला रामाजीचाच चेला भूपेंद्र होता. पोरगा हुशार, हात एकदम साफ. रामाजी दारातच थांबला. भूपेंद्र आणि त्याचे शिकाऊ गडी रांगेनं बसून लाकूड तासत होते, आणि प्रत्येकाच्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला होता. एक डोळा बांधलेली ती माणसं पाहून योजनेतला समुद्र थोडा जवळ आल्यासारखा वाटत होता.

"हे काय रे भूपेंद्र?"

"काका! या ना." भूपेंद्र उठला आणि अंदाज चुकून खांबाला धडकला. "दोन्ही डोळ्यांनं मान बराबर वळत नाही. तुमी कसं करत होते ते लय विचार करून शोधलं. आता पाहा."

त्यानं आपला नंदी पुढं केला. रामाजीनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. मान अगदी तशीच होती. खरं सांगायचं तर रामाजीपेक्षा बरी होती, कारण रामाजीच्या हातून कधी जास्त वळे, कधी कमी. भूपेंद्रची दरवेळी सारखीच वळत होती.

"चांगला हाय," रामाजी म्हणाला. आणि खरंच चांगला होता, हीच पंचाईत होती.

"तुमच्यासारखं याले पाह्यजे, बस," भूपेंद्र म्हणाला. त्याच्या उघड्या डोळ्यात इतका आदर होता की रामाजीनं रुमालाबद्दल बोलायचं टाळलं.

घरी येऊन त्यानं सागाचा तुकडा काढला. लोकांना वाटतं, वाकडं करणारा माणूस मनात आणलं की सरळ करतो. पहिलं डोकं डावीकडे गेलं. रामाजीनं ते चुलीत टाकलं. दुसऱ्याच्या वेळी तो इतका सावध राहिला की डोकं उजवीकडे वळलं.

"हा सासरी चालला का माहेरी?" शकुबाईनं विचारलं.

"तू चूप राहा."

"मी चूप राहतो, पन बैल तर बोलून राहिला ना."

शेवटी तीच दोरी घेऊन आली. एक टोक तिनं बैलाच्या शेपटीच्या जागेवर धरलं, दुसरं नाकावर, आणि रामाजीची मान फिरायला लागली की म्हणे, "तुमची. बैलाची नाही, तुमची सरळ करा." मान सरळ ठेवून काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगात बसून काम करण्यासारखं होतं. खांदे दुखत. अंगठा थरथरला की तो पटाशी खाली ठेवी, हात मांडीखाली दाबून बसे, मग पुन्हा उचली. मधे शकुबाई वैतागून दोरी टाकून निघून जाई आणि भाकरी उलटून परत येई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नंदी उभा राहिला. सरळ. थोडा घाबरल्यासारखा, नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभ्या केलेल्या लेकरासारखा. पण समोर पाहत होता.

तान्ह्या पोळ्याला रामाजीची नात पूजा तो ओढणार होती. तोरणाखाली नंदी रांगेनं लागले, समितीनं स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून सुचिता मॅडम आल्या होत्या. पहिला नंबर भूपेंद्रच्या नंदीचा आला, आणि त्यात कोणाचं काही चुकलं नाही. मग मॅडम चालत पूजापाशी आल्या आणि उकिडव्या बसल्या.

"हा कुठून आणला ग?"

"आजोबानं केला."

"बाहेरचा असन मॅडम," गजेंद्र घाईनं म्हणाला. "आजकाल रामाजीच्या नकला लय निघाल्या."

"मीच रामाजी हाय," रामाजी मागून म्हणाला.

मॅडम उठल्या. त्यांना सगळं लगेच समजलं असावं, कारण त्यांनी गजेंद्रला चहा आणायला पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी मानते तुम्हीच केलाय. पण हा बरोबर धरला, तर घराघरातल्या त्या सगळ्यांचं काय करायचं?"

"ते बी माहेच ना. चुकले तरी माहेच. त्याईले कोन फेकून राहिलं? मले फक्त पुढचा कराचा हाय."

"वारसा पुढचा करत नसतो, काका," मॅडम म्हणाल्या. त्या हे वाईट वाटून म्हणाल्या, टोचून नाही. "वारसा सांभाळायचा असतो."

"मंग त्याले सांभाळा," रामाजी म्हणाला. "मले सोडा."

तेवढ्यात पूजानं दोरी ओढली. तिला बोजारा गोळा करायचा होता आणि मोठ्यांच्या बोलण्यात तिची घरं राहून जात होती. नंदी निघाला. पुंडलिकराव नाणं घेऊन दारात उभे होते. नंदी त्यांच्या पुढून गेला, त्यांच्याकडे न बघता. "बापा! पाह्यलंही नाही लेकानं," ते म्हणाले. नाणं मात्र त्यांनी दिलं. दारोदार तसंच झालं. आजवर प्रत्येक दारातल्या माणसाला वाटे की बैल थांबून आपल्याकडे पाहतो. आज कोणाला वाटलं नाही. लोक थोडे हिरमुसले, आणि नाणं देऊन आत गेले.

रामाजी आडवाटेनं रस्त्याच्या टोकाला जाऊन थांबला होता. गुडघे दुखत होते म्हणून तो खाली बसला. पूजा वळणावरून आली, तिच्यामागून घुंगरू वाजवत नंदी. ती आजोबाला पाहून बाजूला झाली आणि दोरी सैल सोडली. रस्ता उताराचा होता. नंदी आपल्या चाकांवर, कोणी न ओढता, सरळ रामाजीकडे येऊ लागला.

आजवर त्याच्या हातचं काही त्याच्याकडे पाहत आलं नव्हतं. रामाजीनं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. डोळे भरले, ते त्यानं ऑपरेशनवर ढकललं. मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं, आणि त्याची भुवई वर गेली. पुढचा उजवा पाय आखूड होता. जरासाच. पण होता. चालताना नंदी लंगडत होता.

"शकू!" तो ओरडला. शकुबाई दूर तोरणापाशी बायकांत उभी होती, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. "पाय चुकला!"

एवढ्या आनंदानं चूक सांगणारा माणूस पूजानं पाहिला नव्हता. ती म्हणाली, "मंग आता?"

"आता दुसरा कराचा ना बेटा. अंगठा हाय तवर."

घरचा साग संपल्यामुळं त्यासाठी समितीच्या शेडमधलं लाकूड हवं होतं आणि जिवंत वारशानं शेडमध्ये नवं काही करू नये असा नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी रामाजीनं भूपेंद्रकडून अर्ज लिहून घेतला. भाषा भूपेंद्रची, सहीतलं थरथरणं रामाजीच्या अंगठ्याचं:

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
किनारी हस्तकला जतन समिती.

विषय: वारसा या पदावरून मुक्त करून सुतार या पदावर परत घेणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जदार हा सध्या जिवंत वारसा म्हणून कार्यरत असून त्यास जुन्या चुका बदलण्याची व नव्या चुका करण्याची परवानगी नाही. अर्जदाराची मान दुरुस्त झाली असून पाय बाकी आहे. पायानंतर काय चुकेल हे आज सांगणे शक्य नाही, परंतु काहीतरी चुकेल याची अर्जदार हमी देतो. तरी अर्जदाराचे नाव वारशातून कमी करून, वयोमर्यादेची अट शिथिल करून, त्यास शिकाऊ उमेदवार म्हणून शेडमध्ये बसण्याची परवानगी द्यावी, व अर्जदाराचा अंगठा चालतो आहे तोपर्यंत निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.