पाठीवरचे टाके

मी एक जुनी निळी थाळी आहे, मित्रांनो, आणि माझी हकिगत सांगण्याआधी मला त्या क्राइनची तक्रार करायची आहे. शिकलेला माणूस, पण जुनी थाळी दिसली की त्याचे हात जागेवर राहत नाहीत. नखाने टिचकी मारतो, कान लावतो, उलटी करून बूड बघतो. वयाने मोठ्या बाईला कोणी असं उलटं करतं का?

माझा जन्म हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या भट्टीतला. लोक मला पोर्सेलीन, म्हणजे चिनी माती, म्हणतात. खोटं कशाला सांगू, मी साधी माती, वर पांढरा लेप. सुईने भोकं पाडलेल्या कागदावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून कारागिराने माझ्यावर जहाज उमटवलं आणि निळ्या रंगाने रेखलं. शिडं एकीकडे फुगवली अन् झेंडा दुसरीकडे फडकवला. पण रंग असा दिला की अजून हललेला नाही.

पुढे मी समुद्राकाठच्या झेलंड प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या भिंतीवर गेले. माझ्यात कधी कोणी जेवलं नाही. वसंतातल्या साफसफाईला तेवढी मी खाली उतरायची. त्या घरात यान्ना आणि तिची धाकटी बहीण दीना. एका साफसफाईत दीनाच्या साबणाच्या हातातून मी निसटले आणि दुभंगले. आईने पोरीला चांगलं फैलावर घेतलं. दारोदार फिरणाऱ्या सांधणाऱ्याने माझ्या पाठीत भोकं पाडून तांब्याच्या तारेचे टाके घातले. यान्ना चिडवायची, "दीना, तुझी करामत भिंतीवर टांगलीय गं." दीना जीभ दाखवायची.

पुढच्याच हिवाळ्यात समुद्र अडवणारा बांध फुटला, समुद्र घरात शिरला. मी उंचावर होते म्हणून वाचले. दीना वाचली नाही. यान्नाने तिचं नाव पुन्हा काढलं नाही, लग्न झाल्यावर मला घेऊन सासरी गेली तिथेही नाही. फक्त मला धुताना तिची बोटं टाक्यांवर थांबायची.

यान्ना म्हातारी झाली, नवरा गेला, डोळे गेले. वृद्धाश्रमात जाताना तिने बरोबर मला नेलं. क्राइन हा तिच्या नवऱ्याचा भाचा. जुन्या थाळ्या जमवतो. मामीच्या वाढदिवसाला काहीतरी चांगलं करावं म्हणून तो तिला न विचारता मला घेऊन गेला. टाके उपटले, भोकं बुजवली, वरून रंग फिरवला.

वाढदिवसाला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे खुर्च्यांचं रिंगण करून बसले होते. कॉफीबरोबर एकेक बिस्किट देऊन डबा बंद झाला होता. क्राइनने मला यान्नाच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं माझ्या पाठीवर फिरली. पुन्हा फिरली.

"ही कोणाची थाळी आणलीस?"

"तुझीच गं मामी. ते काळे पडलेले टाके काढून टाकले. कधी फुटली होती, हे कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मग परत ने. माझी दीनाने फोडलेली होती."

"दीना कोण?" क्राइनने विचारलं.

यान्नाने मला मांडीवरून उचलून त्याच्यापुढे धरलं. कॉफी गार झाली तरी कप उचलला नाही.

आता मी क्राइनच्या भिंतीवर आहे. पाहुणे वाहवा करतात. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासण्याआधी, सांधण्याआधी, ती ज्यांची आहे त्यांना एकदा विचारा हो.

आणि तू, क्राइन, तुला ऐकू येत नसलं तरी सांगते. दीनाच्या हातून झालं ते तांब्याच्या तारेने निभावलं. तू जे केलंस, ते सांधायला तार नाही.