तीन सॅक आणि एक पाठ

थाक पिलसून एकतीस वर्षं लष्करी सॅकचे पट्टे शिवत होती, पण भरलेली सॅक पाठीवर घेऊन ती कधी डोंगर चढली नव्हती. इंजेच्या डोंगरातल्या लष्करी तळावर ती आली, तीही कारखान्याच्या मालकाने पाठवलं म्हणून. चाचणीत एखादा टाका उसवलाच, तर तो का उसवला हे नीट पाहून यायचं, एवढंच काम होतं.

डोंगरी पलटणीसाठी नवी सॅक निवडायची होती. शेवटच्या फेरीला तीन उरल्या होत्या. कुणी बनवली ते कळू नये म्हणून त्यांना लाल, पिवळ्या आणि निळ्या फिती बांधल्या होत्या. निळी आपली, हे पिलसूनने लांबूनच ओळखलं. स्वतःच्या हातचा टाका कुणाला ओळखू येत नाही?

चार दिवस जवानांनी त्या सॅकचे हाल हाल केले. ओली वाळू भरून कड्यावरून लोटल्या, ओढ्यात बुडवल्या, बर्फात पुरल्या आणि मग जाड हातमोज्यांनीच बकलं उघडून पाहिली. प्रत्येक आपटीला पिलसून डोळे मिटून घेई. तिन्ही टिकल्या.

पाचव्या दिवशी खरी परीक्षा होती. सामान टाकून दिलं की त्याच सॅकची तळाची झडप उलगडून तिच्यात जखमी माणूस बसवून आणता यायला हवा होता.

"वाळूचं पोतं चालणार नाही," परीक्षा घेणारी कॅप्टन प्यो ह्येरिन म्हणाली. "पोतं गप्प बसतं, माणूस लवंडतो. आणि आमची पोरं सगळी सत्तर किलोच्या पुढची. मला नियमाप्रमाणे पंचावन्नच्या आतलं कुणीतरी हवंय. ताई, तुमचं वजन किती?"

"चोपन्न."

"मग जखमी व्हाल का?"

"गुडघे तर कधीचेच झालेत," पिलसून म्हणाली. जवान हसले.

"पण मी यातल्याच एका कारखान्याची आहे," ती पुढे म्हणाली.

"तुम्हाला फक्त बसायचंय. गुण मी देणार."

तिला उचलणारा म्हणजे एखादा आडदांड गडी असेल असं तिला वाटलं होतं. पुढे आला तो हवालदार मा सॉकदू. उंचीला तिच्याहून जेमतेम चार बोटं जास्त, पस्तिशीचा, कान उन्हाने सोललेले.

"काकू, माझ्या गळ्यात हात टाकायचे नाहीत," तो म्हणाला. "गळा आवळला तर दोघंही दरीत."

"मग धरू कुठं?"

"कुठंच नाही. बेशुद्ध माणूस काय धरतो?"

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. जवानांनी तिला लाल सॅकमध्ये बसवून पट्टे आवळले. हवालदाराचे पाय एकदा थरथरले, मग थांबले, आणि पिलसून जमिनीवरून वर गेली. लहानपणानंतर तिला कुणी उचललं नव्हतं. तिचा कान त्याच्या पाठीला टेकला होता आणि आत काळीज चालल्याचा आवाज येत होता, एकसारखा, दमदार, जाड भिंतीपलीकडे कुणी काहीतरी कुटत असल्यासारखा.

वाट ओढ्यातून पाइनच्या झाडीत आणि तिथून एका उघड्या कातळावर जात होती. कातळावर तो हातापायांवर आला. पिलसूनने डोळे मिटले. पायांखालून वारा जायला लागला तेव्हा उघडले. खाली तळाचे तंबू तांदळाच्या दाण्यांएवढे झाले होते. समोर एकामागे एक डोंगराच्या धारा, मधल्या फटींत ढग भरलेले. आणि ती तिथे अधांतरी, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्याच्या आधारावर. असे पट्टे तिने आयुष्यभर शिवले होते, जांभया देत, रात्रीच्या जेवणाला काय करायचं याचा विचार करत.  

सकाळी लाल झाली, जेवणाआधी पिवळी. दोन्ही वेळा खाली आल्यावर कॅप्टनने विचारलं, "त्रास?" आणि दोन्ही वेळा हवालदार म्हणाला, "काही नाही. छान आहे."

दुपारी निळी. पहिल्या चढालाच पिलसूनच्या ध्यानात आलं. उजवा पाय वर पडला की त्याचा श्वास कणभर अडकायचा. चेहऱ्यावर काही दिसत नसणार. तो तर जवानांशी बटाट्यांच्या गोष्टी करत होता. पण पाठ लपवत नव्हती. उजव्या कमरेशी अडतंय, तिने ओळखलं. तिथे कंबरपट्ट्याची जाड शिवण होती. ती आतल्या बाजूला तिनेच घ्यायला लावली होती, बाहेरून दिसू नये म्हणून.

धारेवर तो टेकायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "कमरेला लागतंय तुम्हाला."

"नाही, काकू."

"मी पाठीला कान लावून बसलेय. मला नका सांगू."



"पाठीवरच्याला कळता कामा नये," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी एकाला बर्फातून सात तास पाठीवर आणलं. मी दमलोय असं त्याला कळलं असतं, तर म्हणाला असता, ठेव मला इथंच. असं म्हणणारा माणूस लवकर थंड पडतो."

"मग? वाचला?"

"वाचला. मासळीचं दुकान टाकलंय. असा सुटलाय, आता नाही उचलायचा मी."

पिलसूनने त्याच्या मानेवरचा घाम पाहिला आणि सात तास म्हणजे किती, याचा अंदाज करायला गेली. तिला तो करता आला नाही.

खाली पोचल्यावर हवालदार म्हणाला, "छान आहे." कॅप्टनने वही मिटली. "तिन्ही छान. आता मी निवडू काय, कप्पाळ?"

"पिवळी घ्या," पिलसून म्हणाली.

"निळी तुमची ना, ताई?"

"हो. पिवळीत हे कातळावर गुणगुणत होते. श्वासाला चार पावलं पडत होती. लाल सॅकला तीन. निळीत दोन, तीही अडकत. उजवी कमर बघा यांची."

कॅप्टनने शर्ट वर करायला लावला. कमरेच्या हाडावर बोटभर लांब जांभळा वळ उठला होता. त्यात शिवणीचा एकेक टाका असा उमटला होता, की मोजून घ्यावा. पिलसूनने तो ओळखला. तिच्याच मशीनवरचा होता.

"हे काय?" कॅप्टनने विचारलं.

"डास चावला," हवालदार म्हणाला.

पिलसून त्याच्यापुढे कमरेत पार वाकली, वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी. तो ओशाळून दोन पावलं मागे सरला.

पलटणीने पिवळी सॅक घेतली. तेव्हापासून कॅप्टन प्यो पाठीवरच्या माणसाचंही म्हणणं लिहून घ्यायला लागली. मालक पिलसूनशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी येऊन त्याने स्वतः तो कंबरपट्टा बांधला, खिडकीशी उभा राहून बराच वेळ कमर चाचपली आणि साचा बदलायला सांगितला.

आता कारखान्यातल्या बाया नवा नमुना आला की आळीपाळीने एकमेकींना पाठीवर घेऊन जिना चढतात. त्याच इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य सुरुवातीला कटकट करायचा. हल्ली तो दार उघडून उभा राहतो आणि कुठला पट्टा ढिला आहे ते सांगतो.