पुरलेलं ढोर

उकंडरावांच्या घरात अभिमानाची गोष्ट एकच होती आणि ती दरवर्षी चौदा एप्रिलला सांगितली जायची. गावात मेलेलं ढोर ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच वस्तीच्या गळ्यात होतं. धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी पाटलाचे बैल मेले, तेव्हा उकंडरावांचा बाप म्हणाला, "आता आमी ढोरं वढत नाई." एवढ्या एका वाक्यापायी वस्तीला विहीर बंद झाली, दळण बंद झालं, मजुरी बंद झाली. उकंडराव तेव्हा पोरसवदा होते. रिकाम्या पोटानं झोप येत नाही हे त्यांना त्या वर्षी कळलं, तरीही गोष्ट सांगताना त्यांची छाती अजून फुगायची. त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी दोर हातात धरला नाही, हे शेवटचं वाक्य ते दोनदा सांगायचे.

पाटलाचे बैल मग तसेच पडून राहिले. कुत्र्यांनी फाडले, वास गावभर सुटला, तेव्हा कुठं पाटलाच्या माणसांनी नाकाला धोतराचा सोगा लावून नाल्याकाठी गुडघाभर खड्डा केला आणि ते कसेबसे आत लोटले.

त्याच नाल्याकाठी यंदा पाटलाच्या नातवानं, गुलाबरावांनी, शेततळं काढलं. गुलाबरावांची वांगी आणि टमाटे मालेगाव-वाशिमच्या बाजारात जातात. सरपंच त्यांची बायको, कस्तुराबाई. म्हणजे सही बाईंची आणि कारभार यांचा. जेसीबी लागलेला पाहून उकंडराव काठी टेकत तिथवर गेले.

"गुलाबराव, इथं ढोरं पुरलेले हायेत. दुसरीकडं खंदा."

गुलाबराव हसले. निवडणूक नुकतीच झाली होती, त्यामुळं तोंडात गोडवा शिल्लक होता. "त्याले आता जमाना झाला, आबा. हाडंबी राह्यले नसतील. अन् माती त पाहा कशी लोन्यावानी हाये."

माती खरंच चांगली होती. त्यांनी ती वैरणीच्या वाफ्यात पसरवली. पाऊस झाला, गवत तरारून आलं, आणि गाई-बैलांनी ते चवीनं खाल्लं.

पोळा झाला. ज्या बैलाला गुलाबरावांनी झूल घालून, पुरणपोळी चारून गावात मिरवलं होतं, तो त्याच आठवड्यात गोठ्यात कोसळला. आदल्या दिवशी गाय गेलेली. दोघांच्याही नाकातून काळं, न गोठणारं रक्त.

गुरांच्या दवाखान्यातल्या राधिका मॅडम आल्या. वयानं लहान, पण कामाला चोख. त्यांनी आधी सगळ्यांना लांब उभं केलं. "फाशी आहे, म्हणजे अँथ्रॅक्स. जनावर फाडायचं नाही, उघड्या हातानं शिवायचं नाही. खोल पुरा, वर चुना टाका." मग त्यांनी विचारलं, इथं आधी कधी ढोरं पुरली होती का. कुंपणाशी उभ्या उकंडरावांनी जुन्या बैलांचं सांगितलं.

"तेच ते," मॅडम म्हणाल्या. "हा जंतू रक्तात असतो तोवर नाजूक असतो. जनावर न फाडता सडलं, तर तो आतच मरतो. पण फाडलं गेलं, रक्ताला हवा लागली, की तो स्वतःभोवती कवच करून घेतो आणि निजतो. खाणं नाही, वाढणं नाही, श्वाससुद्धा नाही म्हणा. ऊन, पाऊस, दुष्काळ, कशानं मरत नाही. पन्नास वर्षं, साठ वर्षं मातीत पडून राहतो. पुन्हा जनावराच्या पोटात गेला, ऊब मिळाली, की जागा होतो. पहिल्यासारखाच."

गुलाबरावांनी एवढ्यातलं स्वतःच्या सोयीचं तेवढं उचललं. "मंजे ते बैल येळेवर पुरले असते, कुत्र्यायनं फाडले नसते, त आज हे झालंच नसतं?"

"बहुतेक नसतं," मॅडम म्हणाल्या. बिचारीनं खरं ते सांगितलं. त्याचं पुढं काय होणार, हे तिला काय ठाऊक.

"आयकलं का, उकंडा?" गुलाबराव वळले. राव गेलं, आबाही गेला. "तुह्या बापाच्या अकडीपायी माह्या गोठ्यात मढे पडले."

भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. काल-परवापर्यंत यातली निम्मी माणसं उकंडरावांच्या ओट्यावर बसून चहा पीत होती.

"माह्या बापाले हात होते, तसे तुह्या आज्यालेबी होते," उकंडराव म्हणाले. "अन् म्या तुले सांगतलं होतं, इथं खंदू नको."

गुलाबराव फक्त म्हणाले, "सतीशले पाठोव. जेसीबी गोठ्यालोक येत नाई, चिखल हाये. खड्ड्यापावतर वढा लागते."

सतीश हा उकंडरावांचा नातू. ग्रामपंचायतीत नळ सोडायच्या कामावर होता, तेही कंत्राटी. कस्तुराबाईंची सही थांबली की काम थांबलं. उकंडराव घरी पोचले तेव्हा निरोप त्यांच्या आधीच पोचला होता आणि सतीश चपला घालत होता.

"जाशीन त माह्या घरात पाय ठेवू नको," उकंडराव म्हणाले.

"आबा, घर माह्याच कामावर चालून राह्यलं."

"माह्या बापानं नाई म्हनलं होतं."

"म्हनलं ना. त्यायनं नाई म्हनलं अन् तुमी उपाशी झोपले. आज म्या नाई म्हनलं त पिंकी झोपन." पिंकी त्याची मुलगी, ती दारात उभी राहून ऐकत होती.

सतीशची आई गंगू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. उकंडरावांना तिचा संताप आला. ती पोराला अडवील असं त्यांना वाटलं होतं.

मॅडमनी रबरी हातमोज्यांचा एक जोड देऊन ठेवला होता. तो गुलाबरावांच्या हातांत चढला होता. ते बांधावर उभं राहून बोटानं वाट दाखवत होते. दोर सतीशच्या हातात होता. दोन्ही ढोरं खड्ड्यात गेली, चुना पडला, माती पडली. निघताना गुलाबराव म्हणाले, "दोर राहू दे तुह्याकडंच."

तो दोर उकंडरावांनी अंगणात जाळला. रॉकेल ओतून, शेवटचा धागा राख होईस्तोवर तिथंच बसून राहिले. दोर जळला म्हणजे मधे झालं ते झालंच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. म्हातारपणी माणूस असल्या समजुती करून घेतो, आणि कोणी त्याला हटकूही नये.

सतीशच्या मनगटावर फोड आला. मधोमध काळा, भोवती सूज, आणि दुखणं मात्र नाही. काळपुळी, तोच रोग माणसाच्या अंगावर. वाशिमच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली. उकंडराव रोज एसटीनं जात आणि खाटेशी बसत. गुलाबराव एकदा येऊन केळी ठेवून गेले. फोड सुकला, खपली पडली, काळा वण उरला. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, बरा झाला. त्या रोगाला औषध होतं.

दिवाळी आटोपली. एका सकाळी सगळे ओट्यावर चहा घेत होते तेव्हा सतीशचा फोन वाजला. तो दुधाचं भांडं विसळत होता, हात ओले होते, म्हणून पिंकीनंच फोन उचलून स्पीकर लावला. पलीकडून विनोद बोलत होता, पाटलांच्या आळीतला, शाळेत सतीशच्याच वर्गात असलेला.

"सतीश, म्हैस गेली आमची. म्हातारीच होती. ये लवकर."

सतीश काही बोलला नाही. विनोदला वाटलं, दोराची अडचण असेल.

"दोर हाये बे आमच्या घरी," तो म्हणाला. "तू नुसता ये."

उकंडरावांनी कप खाली ठेवला. सतीशनं हात पुसले, वण झाकेल अशी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि चपला शोधू लागला. त्या पिंकीनंच आणून दिल्या.