तीन नावांची एकच होडी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. साच्यात घडलेली वस्तू लोक कौतुकाने घरी नेतात आणि साचा मात्र कारखान्यातच राहतो. तसाच मीही राहिलो. बारामतीला लागून असलेल्या जळोचीत, एका पत्र्याच्या शेडमागे, एरंडाच्या झुडपांत मी सध्या पडलेलो आहे.

माझ्या पोटातून होड्या जन्मल्या. तुम्ही म्हणाल, बारामतीत होड्यांचं काय काम? अहो, शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनी धरणाचं पाणी किती दूरवर पसरलंय! हिवाळ्यात तिथे गुलाबी पंखांचे रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात आणि काठावरचे लोक त्यांना होडीतून फिरवून आणतात.

मला घडवलं ते मुजम्मिलभाई मुलाणी यांनी. आधी ते फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत. होडी करायची ठरवल्यावर ते नुसते उजनीच्या काठावर जाऊन बसायचे. पाणी उथळ, खाली गाळ, आणि गाळात बुडालेल्या जुन्या गावांच्या भिंती. म्हणून त्यांनी सपाट तळाची एक लाकडी होडी केली, घासून घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर फायबरचे थर चढवले. वाळल्यावर जे सुटून आलं, तो मी. बाहेरून खरबरीत, आतून आरशासारखा.

मग माझ्या आत मेण लावायचं, रंग द्यायचा, फायबरचं कापड अंथरून त्यावर रसायन फिरवायचं. ते वाळलं की लाकडी हातोडीचे हलके ठोके पडत आणि होडी माझ्यापासून वेगळी होई. मुजम्मिलभाईंच्या पत्नी फरिदाभाभी तिच्यावरून तळहात फिरवून कुठे बुडबुडा राहिलाय का ते शोधत. त्यांच्या हातून कधी काही निसटलं नाही.

एकदा पळसदेवच्या बाजूची रेश्मा टेम्पोतून सासऱ्यांना घेऊन आली. सासरे आप्पासाहेब. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, पण लकव्याने एक अंग गेलेलं.

"मुजम्मिलभाई, होडी तर पायजेच," रेश्मा म्हणाली, "पन आबांना तिच्यात बसता आलं पायजे. पक्षी कुठं उतरत्यात ते त्यास्नीच ठावं. लोक आमच्या होडीत येत्यात ते आबांच्या गोष्टी ऐकायला."

मुजम्मिलभाई आबांसमोर उकिडवे बसले. "आबा, पाय किती उचलतोय, दावा बरं."

आबांनी पाय उचलला. जेमतेम वीतभर.

तेवढ्यासाठी मुजम्मिलभाईंनी माझी एक बाजू खाली उतरवली, तिथे रुंद पायरी केली, आणि होडी कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूचं पोट थोडं फुगवलं. होडी तयार झाली. आबांनी काठ धरला, पाय टाकला आणि आपले आपण आत जाऊन बसले. शेडच्या फरशीवरच ठेवलेल्या त्या होडीत ते बराच वेळ बसून राहिले.

"आता मला कुनी पोत्यासारखं उचलायचं न्हाय," ते म्हणाले.

ते ऐकून मला जे वाटलं, ते मला सांगता येणार नाही. पुढे नरसिंहपूरच्या संगमावर होडी चालवणाऱ्यांनीही तसाच काठ मागितला. देवदर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या बायका त्या पायरीवरून हसत आत जात, असं मी ऐकत असे. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग गोष्टी हळूहळू बदलल्या. होडीला लावायचं इंजिन विकणारं बारामतीतलं दुकान एका मोठ्या कंपनीने घेतलं. पाटी तीच राहिली. कोल्हापूरकडचा एक होड्या बनवणारा त्याच कंपनीने घेतला, मग नाशिककडचा. पाट्या त्याच राहिल्या, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आणि एक दिवस दुकानातून निरोप आला, की इंजिन सुटं मिळणार नाही. कंपनीची होडी घ्याल तरच मिळेल.

माझ्यातून निघालेल्या होड्या शेडमध्ये तयार उभ्या राहू लागल्या. गिऱ्हाईक यायचं, काठावरून हात फिरवायचं आणि इंजिनाचं विचारून परत जायचं. इंजिनाशिवाय होडी घेऊन कुणी काय करणार?

तेव्हा अनय आला. कंपनीचा तरुण अधिकारी, बोलायला गोड आणि मनानेही वाईट नव्हता. म्हणाला, "मुजम्मिलभाई, तुमच्या होड्यांचं 'संगम' हे नाव तसंच राहील. तुमचं मॉडेलही चालू ठेवू."

"नाव ऱ्हाईल म्हंत्यात," फरिदाभाभी म्हणाल्या, "पन होडी कशी करायची, ते कोन ठरवनार?"

मुजम्मिलभाईंनी सही केली. दुसरं काय करणार होते? शेड कंपनीची झाली, ते तिथले सुपरवायझर झाले, आणि शेडमधल्या सगळ्या सामानाबरोबर मीही विकला गेलो.

महिन्याभरात ट्रकमधून एक भला मोठा नवा साचा आला आणि माझ्या उरलेल्या होड्या त्याच ट्रकने नेल्या. उंच काठाचा, खोल तळाचा. मला मागे अंगणात ढकललं. मागच्या जाळीच्या दारातून मला आतलं सगळं दिसे. त्या एकाच साच्यातून होड्या निघत. एकीवर 'संगम' नाव चिकटवलं जाई, दुसरीवर कोल्हापूरकडचं 'राजहंस', तिसरीवर नाशिककडचं 'जलविहार'. रंग वेगळे, किमती वेगळ्या. पुढच्या दालनात त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत, जणू एकमेकींशी चढाओढ करायला निघाल्यात.

पावसाळा संपता संपता रेश्मा आली. गाळातल्या भिंतीवर आपटून तिच्या होडीचा तळ लांबलचक फाटला होता. दुरुस्ती होणार नव्हती आणि हंगाम तोंडावर आला होता.

"मॅडम, तीन ब्रँड आहेत," अनय म्हणाला. "चॉइस तुमची."

रेश्मा तिन्ही होड्यांभोवती फिरली. प्रत्येकीला खेटून उभी राहिली. तिन्हींचा काठ तिच्या छातीशी एकाच जागी लागला.

"ह्या तिन्ही एकच हायती की."

"नाही मॅडम, फीचर्स वेगळे आहेत."

"आन काठ?"

"काठ सगळ्यांचा स्टँडर्ड."

ती मागे अंगणात आली. मला पाहताच तिचा चेहरा उजळला. "भाई, ह्यो साचा हितंच हाय की! ह्याच्यातनं एक काढून द्या. तुमचे हात हायत, साचा हाय, घेनारी मी हाय. मग अडतंय कुठं?"

मुजम्मिलभाई खाली बघत म्हणाले, "साचा हितं हाय, ताई. पन आता माजा न्हाय."

तरी त्यांनी अनयला विचारलं. अनयनेही मनापासून वर विचारलं. उत्तर आलं, पण वेगळंच. जुने साचे कापून टाका, त्यावरून कुणी नक्कल काढता कामा नये.

"वरूनच आलंय. माझ्या हातात नाही," अनय म्हणाला.

"मग कुनाच्या हातात हाय, सायेब?" रेश्माने विचारलं.

अनयला ते खरंच माहीत नव्हतं.

रेश्माने हार मानली नाही. तिने नाशिककडे फोन लावला, कोल्हापूरकडे लावला. दोन्हीकडे एकच बाई बोलली, त्याच आवाजात, तेच स्वागताचं वाक्य. शेवटी ती 'राजहंस' घेऊन गेली. घेतली म्हणायचं, एवढंच.

मला मुजम्मिलभाईंनीच कापलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कापायचं मशीन पायरीपाशी आलं तेव्हा त्यांनी ते बंद केलं, खांद्यावरच्या फडक्याने पायरीवरची धूळ पुसली आणि पुन्हा चालू केलं. मी ओरडू शकत नव्हतो आणि ते थांबू शकत नव्हते. तेव्हापासून मी असा दोन तुकड्यांत पडून आहे.

उन्हाळ्यात रेश्मा इंजिनाच्या सर्व्हिसिंगला आली. मुजम्मिलभाईंनी भीत भीत विचारलं, "आबा कसं हायत?"

"बरं हायत," ती म्हणाली. "दोनदा चौघांनी धरून होडीत घातलं. तिसऱ्यांदा नगं म्हनले. मग काठावर खुर्ची टाकून देत होतो. आमी निघालो की हात करायचे. आता खुर्ची फिरवून मागत्यात. पान्याकडं पाठ करून बसत्यात."

मुजम्मिलभाईंनी इंजिनाचं झाकण उघडलं.

मित्रांनो, मला पुन्हा सांधा, असं मी म्हणत नाही. ते आता कुणालाच जमणार नाही. पण तुमच्या गावात अजून कुणीतरी असेल, जो वस्तू बनवण्याआधी विचारतो, "तुम्हाला कशी हवी?" त्याच्याकडे जा. आजच जा, गरज नसली तरी जा. त्याने तो प्रश्न विचारायचं थांबवलं, की मग तुम्ही कितीही मोठ्याने सांगितलंत तरी ऐकायला समोर कुणी उरत नाही.