तांबडा ‘नका’

“हे कुणीतरी मुद्दाम खरवडलंय,” पेंटरकाका बायकोला म्हणाले.

खाणीच्या तळ्याकाठी त्यांनीच रंगवलेली पाटी होती, ‘खोल पाणी. येथे पोहू नका.’ नजरेत भरावा म्हणून ‘नका’ तेवढा तांबडा, बाकी सगळे काळे. ही त्यांची खास पद्धत आणि तिचा त्यांना भारी अभिमान. आता पाटीवर उरले होते, ‘खोल पाणी. येथे पोहू’. काल एकाने ते आमंत्रण समजून उडी मारली. नशीब बलवत्तर म्हणून वाचला.

“कोण खरवडेल?”

“तुझा भाऊ. दुसरं कोण? भट्टीत भाजलेल्या पत्र्याच्या पाट्या खपवायच्यात ना त्याला.”

“माझ्या भावाला पाण्यात बघायची सवयच लागलीय तुम्हाला.”

काका ऐकणाऱ्यातले नव्हते. मेव्हणा गेल्या महिन्यात इकडे कशाला फिरकला होता? जेवताना ‘रंगाचा काय भरवसा, दाजी’ असे का म्हणाला? वर हसला कशाला? ते तडक पलीकडच्या काठावरच्या आपल्या दुसऱ्या पाटीकडे निघाले. बायको मागोमाग.

ही पाटी झाडाखाली अर्धी झाकलेली होती. सावलीतला ‘न’ लालभडक, उन्हातला ‘का’ पांढऱ्यात विरलेला. काकांनी बोट फिरवून पाहिले. ओरखडा कुठेच नव्हता. तांबडा उन्हाने खाल्ला होता आणि काळा शाबूत होता. कालचा माणूस आपल्या हौसेपायी मेला असता, हे काकांना कळले.

“काळ्यानं रंगवा की,” बायको हळूच म्हणाली.

“रंगवतो. रंगाचा डबा घेऊन ये घरून. पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही.”

ती गेल्यावर ते पहिल्या पाटीपाशी येऊन बसले आणि त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. “तुझ्याच पाट्या लाव इथं. ऊन खाणार नाही ना त्यांना?”

“नाही दाजी. रंग पत्र्यात भाजून मुरवलेला असतो.”

“अक्षरं मी काढून देऊ?”

मेव्हणा जरा घुटमळला. “साचा असतो, दाजी. हातानं काढायचं काही नसतं.”

“बरं,” काका म्हणाले. “लवकर आण.”

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून एक जण आला. त्याने पाटी वाचली आणि शर्टाची बटणे काढू लागला. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“नका,” ते म्हणाले.