टेपचं दुसरं टोक

काम मिळालं त्याच दिवशी माझी फाटली.

आधी काम मिळालं ते सांगतो. कित्येक महिने ताईच्या घरी पुढच्या खोलीत पडून होतो. फुकट खातो म्हणून भांडी घासायचो, पोरांचा अभ्यास घ्यायचो. भाऊजी मला मॅनेजर म्हणायचे. "काय मॅनेजर, आज कुठं मीटिंग?" असं रोज सकाळी. वाईट मनाने नाही, पण लागायचं. मंदी सगळ्यांनाच होती, फक्त मी तिच्यासोबत घरात बसलेलो.

मग मशीन हलवणाऱ्या टोळीत जागा निघाली. कारखाने बंद होतायत, तर यांना कामच काम. दुसऱ्यांची चूल विझली की यांची पेटते. मला काय, माझी पेटल्याशी मतलब.

पहिल्या दिवशी सकाळी ताई आणि भाऊजींचं वाजलं होतं. भाऊजींच्या मित्राने नळ्यांच्या कारखान्यात एक जागा धरून ठेवली होती. पगार कमी, तीही हेल्परची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हो-नाही कळवायचं, मागे लाईन लागलेली.

ताई म्हणाली, "घेऊन टाका हो. तुमच्याकडे अर्धी मशीनं बंद आहेत."

"अर्धी चालू पण आहेत ना? या वयात मी दुसऱ्याच्या हाताखाली पोती उचलू?"

"पोती उचललेली परवडतील."

"ऑर्डर कमी झाल्यात. बंद पडलं नाहीये."

मी चहा ढोसला आणि सटकलो. नवरा-बायकोच्या मध्ये मेहुण्याने पडू नये.

टेम्पोत मुकादमाने सांगितलं, आज फक्त मापं घ्यायची आणि बोल्टना तेल सोडायचं. मशीनं सोमवारी उचलायची. "कोणी विचारलं तर सर्व्हिसिंगला आलोय म्हणायचं. कामगारांना कळलं तर गेटवर बसतील आणि आपलं काम बोंबलेल. ज्याचं तोंड सुटेल त्याची सुट्टी."

मी मान हलवली. टेम्पो वळला. गेट बघितलं आणि ओळखलं.

बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना. भाऊजी कामाला आहेत तोच.

आत गेलो तर समोरच. हातात गरम झाकणं, कानात कापूस. मला बघून तोंडभर हसले. "अरे मॅनेजर!" आणि शेजारच्या ऑपरेटरला ओरडून, "हा माझा मेहुणा! लागला एकदाचा!"

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. माझ्या जवळ येऊन उभा राहिला आणि मग तिथून हललाच नाही.

भाऊजींनी मशीन बंद केलं. त्या मशीनला ते म्हातारी म्हणतात. कुरकुरते पण घर चालवते, असं त्यांचं म्हणणं. मी खाली बसून जमिनीतल्या बोल्टवर तेल सोडायला लागलो. अर्धं तेल फरशीवर.

"सर्व्हिसिंग का?" भाऊजी म्हणाले.

"हो," मुकादम म्हणाला.

भाऊजी माझ्या शेजारी वाकले. एकदम खूश. "बघितलंस? सांग तुझ्या ताईला. बंद करायचं असतं तर मालकाने मशीनवर खर्च केला असता का? सुट्टी झाली की फोन करून नाही म्हणून टाकतो त्याला. उगाच दुसऱ्या कोणाची जागा अडवायची."

फोन सगळ्यांचे लॉकरमध्ये असतात. सुट्टीचा भोंगा वाजायला फार वेळ नव्हता.

मी वर बघितलं. मुकादमाचे बूट माझ्यापासून हातभर लांब.

खरं सांगतो, मी गप्प बसणार होतो. मनात म्हटलं, सोमवारी कळेलच त्यांना, मी थोडाच कारखाना बंद करतोय. पगार मिळाला की ताईच्या हातात देईन, बस. पण सोमवारी ती नळ्यांची जागा दुसऱ्याच्या बुडाखाली असणार. आणि ती कुणामुळे गेली, तर सर्व्हिसिंगला आलेल्या मेहुण्यामुळे.

वरच्या केबिनमधून मालकाने मुकादमाला हाक मारली. तो मला म्हणाला, "दरवाजा मोजून ठेव. बडबड नको." आणि जिना चढला. केबिनला काच होती. काचेतून सगळं दिसत होतं, मीसुद्धा.

मी टेप काढली.

"भाऊजी, टोक धरा जरा."

त्यांनी धरलं. आधी म्हातारीची रुंदी घेतली. आकडा मोठ्याने वाचला. मग म्हटलं, "आता इकडे या." मागच्या शटरपाशी गेलो. त्यांनी चौकटीच्या एका बाजूला टोक लावलं, मी दुसऱ्या बाजूला टेप धरली. तोही आकडा मोठ्याने वाचला.

"कमी आहे," भाऊजी सवयीने म्हणाले. "मशीन निघायचं नाही यातून. चौकट काढावी लागेल."

मी टेप तशीच ताणून धरली. त्यांच्याकडे बघितलं नाही.

"पण सर्व्हिसिंगला शटर कशाला मोजा..."

टेप त्यांच्या हातून सुटली. सळ्ळकन परत आली आणि माझं बोट कापलं. तेवढ्यात भोंगा वाजला.

भाऊजी सरळ लॉकरकडे गेले. पाठ करून फोनवर बोलत होते. मला फक्त मान दिसत होती. ती दोनदा खाली गेली, म्हणजे हो. मग जिथे सगळे डबे खात होते तिथे जाऊन बसले आणि काहीतरी बोलले. कोणी ओरडलं नाही. एकेकाने डब्याला झाकण लावलं आणि सगळे उठून केबिनचा जिना चढायला लागले.

मुकादमाने मला टेम्पोमागे ओढलं. "बोललास?"

"आईशप्पथ, एक शब्द नाही."

"मग?"

"टेप धरायला कोणी नव्हतं."

"टेपच्या टोकाला हूक असतो. एकट्याने मोजता येतं. मला शिकवतोस?"

मी रक्ताचं बोट चोखत उभा. खोटं सुचलंच नाही. "माहीत आहे," म्हटलं.

आता काढणार, असं वाटलं. तो टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पैशांचा हिशेब चुकता झाल्याशिवाय आता कामगार एक नट हलवू देणार नाहीत. तोवर बसा बोंबलत, पगार नाही. आणि ज्या दिवशी उचलू, त्या दिवशी तुझ्या भाऊजींच्या मशीनचे बोल्ट तू काढायचे. तुझ्या हाताने. जमत नसेल तर आत्ताच फूट."

मला फुटायचं होतं. खरंच.

"जमेल," म्हटलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. भाऊजींनी ताईला सगळं सांगितलं होतं. उद्यापासून नळ्यांचा कारखाना. ती जिंकली होती, पण तोंडावर काही दिसत नव्हतं.

भाऊजींनी मीठ माझ्याकडे सरकवलं. "काय मॅनेजर, म्हातारीला कोण काढणार?"

"मी."

ताईचा हात वाढता वाढता थांबला. भाऊजी खात राहिले. मग म्हणाले, "मागचा डावा बोल्ट. त्याचे आटे गेलेत. नुसता पान्याने जोर लावलास तर निसटून हात फोडशील. आदल्या दिवशी तेल सोडून ठेव."

"बरं."

"उचलायला किती जण आहात?"

"सहा."

"कमी पडतील." त्यांनी ताट पुसून घेतलं. "रविवारी ठेवायला सांग तुझ्या मुकादमाला. मला सुट्टी असते."