चौथ्या प्रतीचा जोर

परदेशी माल दुकानांत दिसू लागला, तशी केंद्र सरकारचे सेक्शन ऑफिसर उल्हास रेगे यांनी जपानी गिटार घेतली, मग अमेरिकन तारा, मग अ‍ॅम्प्लिफायर. तरी दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये ती गिटार पत्र्याच्या डब्यासारखीच वाजत राहिली. शनिवारी सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं होतं. गेल्या वर्षी लोकांनी फक्त निवेदनाची तारीफ केली होती.

"यंदा मी नाव मागे घेतो," ते बायकोला म्हणाले.

"आधी कृतिकाला तर विचारा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

कृतिका त्यांची भाची, दिल्लीतच मुनिरक्यात खोली घेऊन शिकणारी आणि गिटार छान वाजवणारी. तिने घरी येऊन तीच गिटार मांडीवर घेतली आणि एक सूर छेडला. तो गोल, भरलेला सूर खोलीभर रेंगाळला. उल्हासरावांनी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं. तो बंद होता.

"आता तुम्ही, मामा."

त्यांनी वाजवलं.

"अहो मामा, इतकं दाबता कशाला? तार काय पळून चाललीय?"

उल्हासराव आपल्या बोटांकडे बघत राहिले. "सत्तावीस वर्षं ऑफिसात कार्बन पेपर घालून लिहितोय," ते म्हणाले. "चौथी प्रत उमटायला जोर लागतो."

"इथे पहिलीच प्रत ऐकतात, मामा. बोट नुसतं टेकवा. आणि तार ओढू नका, सोडा."

त्यांनी बोट टेकवलं, तार सोडली. गोल सूर उमटला आणि ते हात तसाच धरून बसले.

"मग काय, नाव मागे घेताय?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"थांब गं," उल्हासराव हळूच म्हणाले, "अजून वाजतोय."